न वटलेली हुंडी

दुकानात नवा नोकर ठेवला की व्यापारी पहिल्याच दिवशी त्याचे खाते उघडतो. पगार किती, उचल किती, खाडे किती, दिवाळीला काय द्यावयाचे, हे सारे त्या खात्यावर चढत जाते. नोकराला हिशेब वाचता येत नसला तरी शेठजींच्या वहीत आपल्या नावाची एक जमेची बाजू आहे, एवढे त्याला पक्के ठाऊक असते. गल्ल्याचे कुलूप हे रात्रीपुरते. दिवसभर गल्ला राखला जातो तो या जाणिवेवर.

तुरुंगातील माणसाला असे खाते पूर्वी नव्हते. न्यायाधीशांनी सात वर्षे म्हटले की सात वर्षे. कष्ट केले तरी सात आणि अंग चोरले तरी सात. मग त्याने नीट का वागावे, हा प्रश्न न्यायाधीशांना पडत नाही; तो पडतो तुरुंगातील शिपायाला. भिंती उंच असतात, दारे लोखंडी असतात, पण बराकीच्या आत एक शिपाई आणि त्याच्यापुढे कितीतरी कैदी, हेच प्रमाण सर्वत्र असते. त्या सर्वांनी एकाच वेळी ऐकायचे नाही असे ठरविले तर काठी किती पुरणार? जुन्या व्यवस्थेत शिपायाच्या हाती फक्त नावेची बाजू होती: फटके, बेड्या, अंधारकोठडी, उपास. ज्याच्या खात्यावर केवळ नावे पडते आणि जमेला कधीच काही येत नाही, असे कूळ एक दिवस पेढीची पायरी चढणेच सोडून देते.

ही गोष्ट एका माणसाने सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी नेमकी ओळखली आणि कैद्यांसाठी जमाखर्चाची रीतसर वही सुरू केली. त्यांचे नाव कॅप्टन अलेक्झांडर मॅकॉनकी, आणि ती वही उघडली गेली ती नॉरफोक बेटावर.

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला सुमारे चौदाशे किलोमीटरवर, पॅसिफिक महासागरात हे बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम पस्तीस चौरस किलोमीटर. उंच पाइन वृक्ष, हिरवी कुरणे आणि भोवती खवळलेला समुद्र. इंग्लंडमधून काळ्या पाण्यावर धाडलेल्या कैद्यांपैकी ज्यांनी ऑस्ट्रेलियात पुन्हा गुन्हा केला, अशांसाठी १८२५ पासून हे बेट राखून ठेवले होते. फाशीच्या एकच पायरी खालची शिक्षा म्हणजे नॉरफोक, असे सरकारचे उघड धोरण होते. १८३४ मध्ये तेथे बंड झाले. त्यातील तेरा जणांना फाशी झाली. कोणास मरण आणि कोणास जीवदान, हे सांगण्यासाठी उलथॉर्न नावाचे तरुण धर्मगुरू सिडनीहून आले. त्यांनी लिहून ठेवले आहे की, ज्यांना मरावयाचे होते त्यांनी गुडघे टेकून देवाचे आभार मानले आणि ज्यांना जगावयाचे होते ते खिन्न झाले. जगणे हीच जेथे नावेची रक्कम झाली होती, तेथे मरणाच्या धाकाने शिस्त कशी राहावी?

मॅकॉनकी हे मूळचे स्कॉटलंडचे, नौदलातील अधिकारी. पण या कामाला उपयोगी पडली ती त्यांची नौदलातली हुद्देदारी नव्हे. १८११ च्या डिसेंबरात त्यांचे जहाज हॉलंडच्या किनाऱ्याजवळ आपटले आणि ते नेपोलियनच्या सैन्याच्या हाती लागले. ऐन हिवाळ्यात त्यांना फ्रान्समधील वर्दूंपर्यंत पायी चालविण्यात आले आणि १८१४ पर्यंत ते युद्धकैदी होते. म्हणजे दाराच्या आतली बाजू त्यांनी स्वतः पाहिली होती. पुढे लंडनच्या भूगोल संस्थेचे ते पहिले चिटणीस झाले आणि तेथील युनिव्हर्सिटी कॉलेजात भूगोलाचे पहिले प्राध्यापकही. १८३७ च्या आरंभी ते गव्हर्नर सर जॉन फ्रँकलिन यांचे खाजगी चिटणीस म्हणून व्हॅन डीमन्स लँडमध्ये, म्हणजे आजच्या टास्मानियात, आले. तुरुंगसुधारणेसाठी झटणाऱ्या एका लंडनच्या संस्थेने त्यांच्याजवळ एक लांबलचक प्रश्नावली दिली होती. त्यांनी कैद्यांच्या स्थितीवर जो अहवाल लिहिला तो इतका स्पष्ट होता की, लंडनमध्ये तो प्रसिद्ध होताच इकडे त्यांची नोकरी गेली. हिशेबतपासनिसाने खरा ताळेबंद मांडला की त्याच्यावर मालक प्रसन्न होतोच असे नाही.

त्याच अहवालामुळे मार्च १८४० मध्ये नॉरफोक बेटाचा कारभार मात्र त्यांच्याकडे आला.

त्यांची योजना ऐकावयास साधी होती. कैद्याला वर्षांची शिक्षा देऊ नये, मार्कांची द्यावी. सात वर्षांच्या शिक्षेला सहा हजार मार्क, दहा वर्षांच्या शिक्षेला सात हजार, जन्मठेपेला आठ हजार. एवढे मार्क कमावून जमा केले की शिक्षा संपली. पूर्ण दिवसाच्या नेमस्त कामाला दहा मार्क. म्हणजे एक पैही खर्च न करता कोणी राबला तर सहा हजारांचा बोजा सहाशे दिवसांत फिटेल. पण खर्च न करता राहता येत नसे, आणि येथेच या योजनेची खरी मेख होती. जेवण, कपडा, शाळेतील शिकवणी, यांतील नेहमीपेक्षा जास्त जे काही हवे ते या मार्कांतूनच विकत घ्यावयाचे. साधे जेवण घेतले तर शिल्लक वाढेल, चमचमीत घेतले तर सुटका लांबेल. गैरवर्तन केले तर दंडाचे मार्क नावे पडतील. फटक्यांची गरज नाही. शिपायाने एक ओळ लिहिली की पुरे.

व्यापारी घरातील मुलाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. आज चैन केली तर उद्याचे भांडवल घटते, हे त्याच्या कानावर लहानपणापासून पडलेले असते. पण ज्या माणसाने आयुष्यात कधी उद्याचा विचार केला नाही, त्याला हा विचार शिकविण्याची दुसरी शाळा मॅकॉनकींना दिसत नव्हती. हुकूम पाळावयास लावून माणूस आज्ञाधारक होईल, पण दारातून बाहेर पडताच हुकूम देणारा उरत नाही. शिल्लक सांभाळण्याची सवय मात्र त्याच्याबरोबर बाहेर जाते.

योजनेचा दुसरा भाग अधिक धाडसी होता. काही काळ एकट्याच्या खात्यावर काढल्यानंतर कैद्यांनी सहासहा-सातसात जणांची टोळी आपल्या मर्जीने बनवावयाची आणि सर्वांचे खाते एक करावयाचे. एकाने कष्ट केले तर सर्वांच्या जमेला, एकाने मारामारी केली तर सर्वांच्या नावे. परस्परांची जामीनकी ही बाजारात नवी नाही. पण तुरुंगात तिचा परिणाम असा की, देखरेख करणारे डोळे एकदम वाढतात. जे शिपायाला दिसत नाही ते सोबत्याला दिसते, आणि सोबत्याच्या रागाची भीती शिपायाच्या काठीपेक्षा जास्त असते. शिवाय सोबती निवडावयाचे म्हणजे स्वतःची पतही तपासून घ्यावी लागे. भांडखोर माणसाला टोळीत कोण घेणार?

मॅकॉनकी बेटावर उतरले तेव्हा कैद्यांना जेवावयास सुरी-काटाही नव्हता. बोटांनी आणि दातांनी अन्न तोडावे लागे, पाणी बादलीतून प्यावे लागे. शिपाई दिसला की टोपी काढावयाची, आणि पहाऱ्याची चौकी रिकामी असली तरी तिलाही सलाम करावयाचा. रिकाम्या चौकीला सलाम करावयास लावण्यात शिस्त कोणती साधत होती, हे त्या व्यवस्थेलाच ठाऊक. मॅकॉनकींनी ते सर्व बंद केले. फाशीचा खांब उतरविला. प्रार्थनागृहे बांधविली, पुस्तके आणि वाद्ये मागविली, मेलेल्या कैद्यांच्या थडग्यांवर नावे कोरावयास परवानगी दिली. स्वतः ते कैद्यांमध्ये पहाऱ्याशिवाय हिंडत. त्यांची पत्नी आणि मुले बेटावरच राहत होती.

२५ मे १८४० रोजी राणी व्हिक्टोरियाचा वाढदिवस साजरा करण्यात आला. त्या दिवशी त्यांनी दारे उघडली आणि सर्व कैद्यांना बेटभर मोकळे सोडले. मेजवानी झाली, राणीच्या नावाने थोडीशी रम मिसळलेले पेय वाटले गेले, कैद्यांनीच नाटक केले, आतषबाजी झाली. संध्याकाळी बिगूल वाजला आणि सगळे आपापल्या बराकीत परतले. काहीच घडले नाही. सिडनीत मात्र या बातमीने हलकल्लोळ माजला. दरोडेखोरांना राणीच्या नावाने पेय पाजणारा हा कोण, अशी टवाळी झाली. काहीच न घडल्याची बातमी कोणी छापत नाही. मेजवानीची छापली जाते.

येथपर्यंतची कथा सांगून पुष्कळ लोक थांबतात. तिचा अवघड भाग पुढे आहे.

मॅकॉनकींनी मार्क द्यावयास सुरुवात केली, पण त्या मार्कांच्या बदल्यात सुटका देण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता. तो सिडनीचे गव्हर्नर सर जॉर्ज गिप्स आणि लंडनचे मंत्री यांच्याकडे होता. त्यांना दिलेली परवानगीही मर्यादित होती: इंग्लंडहून नव्याने आलेल्या कैद्यांवर हा प्रयोग करावा; बेटावर आधीपासून असलेल्या, दुसऱ्यांदा गुन्हा केलेल्या जुन्या कैद्यांना तो लागू करू नये. हे जुने कैदी सुमारे बाराशे होते. एवढ्याशा बेटावर दोघांना वेगळे ठेवणे अशक्य होते. एका बराकीत वही आणि शेजारच्या बराकीत चाबूक, असे चालणार नाही, हे पाहून मॅकॉनकींनी वही सर्वांना लागू केली. गिप्स यांनी ते नामंजूर केले. जुन्या कैद्यांच्या शिक्षेत मार्कांमुळे एक दिवसही कमी होणार नाही, असे कळविण्यात आले.

पेढीच्या भाषेत बोलावयाचे तर शाखेने हुंड्या काढल्या आणि मुख्य पेढीने त्या सकारल्या नाहीत.

येथे न्याय दोन्ही बाजूंनी करावा लागेल. आपल्या अधिकारापलीकडे कर्ज मंजूर करणाऱ्या शाखाधिकाऱ्याचे हेतू कितीही चांगले असोत, तपासणीत तो दोषीच ठरतो. मॅकॉनकींचेही तसेच झाले. वरिष्ठांना पटवून देण्याआधी त्यांनी वचन देऊन टाकले. सिडनीशी पत्रव्यवहाराला आठवडे लागत आणि लंडनशी महिने. उत्तराची वाट पाहण्याचा धीर त्यांना नव्हता, आणि लांबलचक खलिते लिहून वरिष्ठांना कंटाळा आणण्याची कला मात्र होती. परंतु ज्याने वही पाहून सहा महिने पोटाला चिमटा घेतला, त्या कैद्याचा यात काय दोष? त्याने शिल्लक टाकली होती ती खरी होती. खोटी ठरली ती पेढी.

अशा वेळी पुष्कळसे अधिकारी वही मिटून चाबूक पुन्हा खुंटीवरून काढतील. मॅकॉनकींनी तसे केले नाही. सुटका देता येत नाही, तर आपल्या अधिकारात जे आहे ते द्यावयाचे, असे त्यांनी ठरविले. चांगल्या वागणुकीच्या कैद्यांना त्यांनी बेटापुरती सवलतपत्रे दिली. ज्याच्याजवळ असे पत्र असेल त्याला जमिनीचा लहानसा तुकडा मिळे. तेथे भाजीपाला पिकवावा, खावा, विकावा. मोठी हुंडी वटली नाही, तेव्हा निदान हातातली चिल्लर तरी रोजच्या रोज चुकती करावयाची. कैद्यांचा विश्वास एकदा तुटला होता; तो पूर्वीइतका परत आला असे म्हणता येणार नाही. १८४२ मध्ये बारा कैद्यांनी बेटाजवळ उभे असलेले ‘गव्हर्नर फिलिप’ नावाचे जहाज ताब्यात घेण्याचा प्रयत्न केला आणि त्यात काहींचा जीव गेला. फटकेही पूर्णपणे बंद झाले नव्हते. मॅकॉनकींना देवमाणूस ठरविणाऱ्यांनी या नोंदी वगळू नयेत.

चार्ल्स अँडरसन नावाच्या कैद्याचे खाते मात्र सविस्तर पाहण्यासारखे आहे. तो नौदलातला खलाशी. नावारिनोच्या लढाईत डोक्याला जखम झाली आणि तेव्हापासून थोडी दारू पोटात गेली की त्याचे भान सुटे. दारूच्या नशेत दुकान फोडण्याच्या गुन्ह्यावरून तो काळ्या पाण्यावर आला. सिडनीत तो पुनःपुन्हा पळे आणि पुनःपुन्हा फटके खाई. शेवटी सिडनी बंदरातील गोट बेटावर त्याला एका खडकाशी साखळदंडाने बांधून ठेवण्याची शिक्षा झाली, आणि तीही दोन वर्षांची. खडकात कोरलेल्या खोबणीत तो निजे. होड्यांतून जाणारे लोक त्याला प्राण्याप्रमाणे पाहत आणि पावाचे तुकडे फेकत. पुढे तो नॉरफोकवर आला तेव्हा त्याचे वय चोवीस होते आणि चेहरा म्हाताऱ्याचा.

मॅकॉनकींनी त्याला न माणसाळलेले बैल सोपविले. हुकूम एकच होता: त्याच्या कामात दुसऱ्या कोणीही, शिपायानेही, ढवळाढवळ करावयाची नाही. बैल मारून वळत नाहीत, हे अँडरसनला कोणी सांगावे लागले नाही. मार खाण्याचा अनुभव त्याच्याइतका कोणाला होता? बैल माणसाळले. नंतर त्याला डोंगरावरील निशाणचौकीवर नेमले, जेथून येणाऱ्या जहाजाची वर्दी द्यावयाची. खलाशी तो, निशाणांची भाषा त्याला येत होती. गिप्स बेटावर आले तेव्हा खलाशाच्या पोशाखातील हा टवटवीत तरुण कोण, असे त्यांनी विचारल्याचे सांगतात. अँडरसन पूर्ण बरा झाला नाही. डोक्याच्या त्या जखमेने पुढे त्याची बुद्धी ग्रासली. पण मधली वर्षे त्याच्या जमेला आहेत.

गिप्स आले ते मार्च १८४३ मध्ये, पूर्वसूचना न देता. सहा दिवस राहिले. त्यांनी बराकी पाहिल्या, शेते पाहिली, कैद्यांशी बोलले आणि जो अहवाल पाठविला तो त्यांच्या पूर्वीच्या पत्रांच्या मानाने बराच अनुकूल होता. सचोटीच्या तपासनिसाने असेच करावे. मत आधी बनले असले तरी दप्तर पाहून ते बदलावे. मात्र तो अहवाल लंडनला पोचण्यापूर्वीच मॅकॉनकींना परत बोलावण्याचा निर्णय तेथे झाला होता. १८४४ च्या आरंभी त्यांनी बेट सोडले.

त्यांच्या जागी मेजर जोसेफ चाइल्ड्स आले. भाजीपाल्याचे तुकडे गेले, फटके परत आले. १८४६ च्या जूनअखेर कैद्यांची स्वयंपाकाची भांडी काढून घेण्याचा हुकूम निघाला. स्वतःचा बटाटा स्वतःच्या भांड्यात शिजविणे, एवढीच एक गोष्ट त्यांच्या मालकीची उरली होती. १ जुलैच्या सकाळी भांडी दिसेनात तेव्हा कैदी कोठारावर चालून गेले. चार जण मारले गेले. ऑक्टोबरच्या १३ तारखेला बारा कैद्यांना फाशी झाली. जो खांब उतरविला होता तो पुन्हा उभा करावा लागला.

मॅकॉनकींना १८४९ मध्ये बर्मिंगहॅमचा तुरुंग मिळाला आणि दोनच वर्षांत तोही गेला. फार सौम्य वागतात, असा ठपका होता. १८६० मध्ये ते वारले. तोवर आयर्लंडमध्ये सर वॉल्टर क्रॉफ्टन यांनी मार्कांची पद्धत तुरुंगांत आणली होती, आणि ती आणताना आधी वरिष्ठांची मंजुरी घेतली होती. तेथे हुंड्या वटल्या.

तेथून ही वही हिंदुस्थानात पोचली. १८९४ च्या तुरुंग कायद्यात शिक्षामाफीच्या पद्धतीची व्याख्या दिली आहे, ती मार्क देणे आणि त्यांच्या प्रमाणात शिक्षा कमी होणे अशीच आहे. असे नियम करण्याचा अधिकारही त्याच कायद्याच्या ५९ व्या कलमात आहे. आज मार्क हा शब्द मागे पडला आणि दिवसांचा हिशेब आला. कैद्यांच्या बोलण्यात तिला ‘माफी’ म्हणतात. आपल्याकडे तिच्या पुढची पायरीही गाठली गेली. औंध संस्थानात, आटपाडीजवळ, स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत वसविण्यात आली आणि त्या प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांच्या लेखणीतून व व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनातून १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट आला. त्यातील कैदी सहा होते, मॅकॉनकींच्या टोळीइतकेच. हा योगायोग असावा. पण चित्रपट पाहिलेल्या वाचकांना तो आठवेल.

आजच्या तुरुंगातही संध्याकाळ गिनतीने होते. शिपाई ओळीतील माणसे मोजतो, आकडा वहीशी जुळवतो आणि बराकीला कुलूप घालतो. कैद्याच्या हिस्टरी टिकटावर काम, वागणूक, शिक्षा आणि माफी यांच्या नोंदी होतात. शिपायाला त्या दिवशी शेकडो गोष्टी असतात; एखादी नोंद दुसऱ्या दिवसावर जाते, एखादी घाईत राहते, एखादी रागाच्या भरात पडते. एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात कैदी हलविला की त्याचे कागद मागाहून येतात आणि तेवढे दिवस त्याचे खाते अधांतरी असते. बाहेरच्या माणसाला ही किरकोळ कारकुनी वाटेल. कैद्याला मात्र आपल्या माफीचे किती दिवस झाले हे तोंडपाठ असते, आणि वहीतला आकडा वेगळा निघाला की तो पहिला प्रश्न त्याच शिपायाला विचारतो.